ओळखीची खूण

चोपड्याच्या कॉलेजात मे महिना. वीज गेलेली.
तापी कुठेतरी पात्रात, नकाशापुरती.
आणि टेबलावर दीड हजार मीटर खोलीवरचा हा,
फॉर्मॅलिनमध्ये वेटोळं करून.

लोटननाना पाहतात, मी लिहिते.
जबडा नाही. कणा नाही, कवटी तेवढी.
मिशा सहा.
डोळे कातडीच्या आत गेलेले,
वर नुसता फिकट डाग.
कल्ल्याची भोकं सात, डावीकडचं शेवटचं मोठं.
चिकाची छिद्रं नाना काडीने मोजतात: एक्याऐंशी.
पुन्हा मोजतात: ऐंशी.
"एक कमी शे, मॅडम."

याचा चीक कसा? केळीसारखा?
बाहीवरचा काळा डाग पुढे करतात,
घड उतरवायला जात तेव्हाचा.
मी सांगते, हा स्वतःचीच गाठ मारतो,
शेपटीकडून डोक्याकडे सरकवत नेतो,
आणि निघतो कोरा, पुसलेला.
नाना बाहीकडे बघत राहतात.

"मना दाखलावर गुरुजीनी लिखेल व्हतं,
खूण: काहीच नही."

जातीचा रकाना अजून रिकामा.
मी पेन्सिलीने लिहिते ऐंशी,
पुढे, लहान अक्षरात, किंवा एक्याऐंशी.
नाना स्पिरिटच्या दिव्यावर मेण धरतात.