चौदापैकी चौदा

धुळ्यात, देवपुरात, मोबाईल दुरुस्तीच्या दुकानावर
एका खोलीत पाच संगणक आणि एक कूलर.
चौथा संगणक माझा.
कूलरचा वारा तिसऱ्यापर्यंतच पोचतो.

काम सोपं आहे.
पडद्यावर अर्ज येतो कुणाचातरी,
मी हिरवं दाबतो, नाहीतर लाल.
एका अर्जाचे नव्वद पैसे.
आमच्या बोटांवरून एक यंत्र शिकतंय
पुण्यातल्या कंपनीनं माणसं कशी निवडावीत ते.
त्याला अजून दात यायचेत, असं भूषण म्हणतो,
पण चावायला लागलंय.

नावं झाकलेली असतात.
अन्याय नको, म्हणून काळी पट्टी,
नियमांच्या पहिल्याच पानावर लिहिलंय तसं.
पट्टीखाली सगळं उघडं:
शासकीय आश्रमशाळा, तालुका अक्राणी.
आदिवासी मुलांचे वसतिगृह, नंदुरबार.
तोंडावरून पदर ओढावा
आणि कपाळावरचं गोंदण तेवढं दिसत राहावं.

दोन वर्षांपूर्वी जळगावला मुलाखत होती.
चौदा चाचण्या. माझा कोड चौदाही पार करून थांबला
समोरचा चहा निवायच्या आत.
साहेब म्हणाले, वा! मूळ गाव कुठलं?
धडगावच्या वर, म्हटलं.
तिकडे लाईट असते?
असते. नसते तेव्हा वहीत कोड लिहितो.
ते मोकळं हसले. माणूस वाईट नव्हता.
मध्येच त्यांचा फोन वाजला, दाराबाहेर गेले,
मला ऐकू आलं:
‘हां माय, जेवी लिधं. तू जेवनी का?’
आत आले ते अहिराणी
चपलेसारखी बाहेर काढून ठेवून.
कागदावर त्यांनी काय लिहिलं ते मला उलटं वाचता आलं:
उच्चार कच्चे. टीममध्ये बसेल का?

मी तर बसलेलोच होतो.
खुर्चीच्या टोकावर, पण बसलेलो.

आज दुपारी तीनच्या सुमाराला
माझाच अर्ज माझ्यासमोर आला.
शाळा माझी. अडुसष्ट पूर्णांक चार टक्के माझे.
छंद: पावा वाजवणे. (सायसिंग म्हणाला होता, काहीतरी लिही,
रकाना रिकामा बरा दिसत नाही.)
कोपऱ्यात यंत्रानं आधीच सुचवलेलं:
लाल. सत्त्याऐंशी टक्के खात्री.

एवढी खात्री त्याला कुणी दिली?
मीच तर. सात महिने, नव्वद नव्वद पैशांनी.
नियम अकरावा: पूर्वी निवडलेल्यांशी जुळतील ते हिरवे.
पूर्वी निवडलेल्यांत आमच्यातलं कुणी नव्हतं,
त्यामुळे आम्ही कशाशीच जुळत नाही,
आणि नियम तर मी पाठ केलेले.
मार्चमध्ये मोलगीची एक मुलगी आली होती.
तिचे मार्क माझ्यापेक्षा चांगले होते.
तिचा रंग मी लावला.
जेवायची सुट्टी व्हायची होती, घाईत होतो.

हिरवं दाबलं.
चौकट उघडली: यंत्राशी असहमत. कारण लिहा, चाळीस अक्षरांत.
घाट, कंदील, नव्वद किलोमीटरची एसटी,
साहेबांची माय, तिचं जेवण,
यातलं काहीच त्यात मावेना.
लिहिलं: चौदापैकी चौदा.

असहमत झालं की भूषणच्या टेबलावर टिंग वाजतं.
तो खुर्चीसकट सरकत आला.
‘तुले काय करनं से रे भो?’
मग त्यानं पडदा पाहिला, काळी पट्टी पाहिली,
पट्टीच्या खाली पाहिलं, मग मला.
उठला. कूलरचं तोंड जरासं चौथ्याकडे वळवलं,
आणि जाऊन माझ्या नावापुढे एक फुली मारली.

महिन्याला तीन फुल्या चालतात.
चौथीला मजुरी कापतात.

पुढचा अर्ज आलाय.
कन्या आश्रमशाळा, तळोदा.
लाल, एक्क्याण्णव टक्के.
माझ्याकडे अजून दोन फुल्या आहेत.