सुटी अक्षरं

शारजात, इंडस्ट्रियल एरिया दहामध्ये,
मी इंग्रजी अक्षरं पाठीकडून ओळखतो.
पाठीलाच चिकटवायचे असतात एलईडीचे ठोकळे:
डब्ल्यूला चौदा, आयला तीन.
आडवा पडला की एनचा झेड होतो,
उलटा टांगला की एमचा डब्ल्यू,
आणि उलटा टांगला तर पौलोस दोन तासांचा ओव्हरटाइम कापतो.
दहावीला इंग्रजीत मला अठ्ठावीस होते.
हे चिन्मयीला अजून सांगितलेलं नाही.

काल रोलातलं एक खजुराचं दुकान मिटलं.
बोर्ड आम्हीच लावला होता, आम्हीच उतरवला.
वर अरबीतलं तुमूर,
तीन अक्षरं हातात हात घालून, चौथं जरा बाजूला.
खाली इंग्रजी पाच, प्रत्येकाचे स्क्रू वेगळे, वायर वेगळी:
डी, ए, टी, ई, एस.
डीच्या पोटात कबुतराच्या काड्या निघाल्या.
एसचा उजेड केव्हाच गेला होता,
म्हणजे कित्येक महिने तिथे रात्री
एकच खजूर विकायला होता.

आठ वाजता, तिकडे साडेनऊला, लांज्याहून फोन.
सातवीत आहे. शाळेत शब्दांची स्पर्धा आहे.
"अक्षरं दे, बाबा."
त्या दिवशी बाकावर जी असतील ती मी देतो.
"एक अक्षर एकदाच. दोनदा घेतलंस तर बाद."

ती सुसाट: सीट, ईस्ट, सेट, सॅट, सॅड.
मी मागून धापा टाकत: टी.
"ते अक्षर आहे, बाबा."
नाही गं, चहा. टी, ई, ए.
"मग सी पण. समुद्र."
पाचांत सी नाही, तरी समुद्र निघाला.
हे मला आवडलं.
मी स्टेट म्हणालो. ती म्हणाली, टी एकच आहे.
मी डेड म्हणालो. ती म्हणाली, डी एकच आहे.
बरं झालं.

आपल्या भाषेत खेळूया का, विचारलं,
तर म्हणाली, काना सुटा कुठे ठेवायचा?
खरंच की.
आपला काना अक्षराला टेकून उभा असतो,
उकार पायाशी बसतो, वेलांटी डोक्यावरून वळते,
आणि वर एक दांडी,
सगळे तिलाच लटकलेले, धुतलेल्या कपड्यांसारखे.
इंग्रजीत ए वेगळा राहतो, ई वेगळा राहतो.
आमच्या खोलीत आठ खाटा आहेत.
हे मी बोललो नाही. तसाही आवाज तुटत होता.

"पाचही वापरून अजून एक सांग. डेट्स सोडून.
डेट्स म्हणजे तारखासुद्धा, माहितेय ना?"
तिकिटाची तारीख तीनदा पुढे गेलीय.
तेवढं इंग्रजी येतं मला.

सकाळी डिझायनर रोसेन्दोला विचारलं.
त्याने स्क्रीनवर पाच अक्षरं मागेपुढे सरकवली:
स्टेड.
म्हणजे काय?
म्हणजे, एखाद्याच्या जागी. तू आलास ना इद्रिसच्या जागी, तसं.
इद्रिसचा मग अजून माझ्या बाकावर आहे,
कानाचा टवका उडालेला.

तिला कळवलं. एस, टी, ई, ए, डी.
तिने वहीत लिहिलं: ऐवजी.
मग सहज म्हणाली,
परवा पालकसभेत वडिलांच्या रकान्यात आईने सही केली,
बाईंनी चालवून घेतलं.

पौलोस म्हणतो, भंगारात टाक.
पण मुवैलात कडक चहाचं दुकान निघतंय.
टी, ई, ए त्यांना खपतील, फक्त पुसायला हवेत.
उरतील डी आणि एस.
त्या दोघांचा मिळून काहीच शब्द होत नाही.
एखादा स्वर येईपर्यंत राहू देत फळीवर.
डीतल्या काड्या मी काढलेल्या नाहीत.