रकाना एकोणीस

रकाना एकोणीस: आपल्यावर असलेली सर्व देणी.
'सर्व'च्या खाली दोन रेघा, छापतानाच मारलेल्या.

मी आधी बँक लिहिली. मग कार्ड,
ज्याचे तीन हप्ते चुकले, त्यांच्या तारखांसकट.
मग पतसंस्था, वास्को शाखा; जामीनदार गेल्या वर्षी वारले.
कारण लिहायला जागा नव्हती,
नाहीतर लिहिलं असतं: बाबांचं रक्त
आठवड्यातून तीनदा बांबोळीला नेऊन धुऊन आणावं लागायचं,
टॅक्सीचं जाणं-येणं वेगळं.
आता बाबा नाहीत. हप्ते आहेत.

गोदीत माझा पास पिवळा.
पिवळ्यावर जहाजाच्या पोटात शिरता येतं,
कंबर मोडेपर्यंत वाकून केबली ओढता येतात,
पण तिसऱ्या डेकवरच्या त्या दाराशी
टोक दुसऱ्याच्या हातात द्यायचं आणि मागे फिरायचं.
अकरा वर्षं मी त्या दारापर्यंत वायर नेते.
ती आत कुठे जाते, ते निळा पास मिळाल्यावर कळणार.

चौकशीला आलेले हवालदार वेळीप
सड्यावरच्या आमच्या व्हरांड्यात बसले.
कठड्यावर बोट फिरवलं, कोळशाची भुकटी पाहिली,
रुमालाला पुसली.
म्हणाले, बाय, कर्ज असणं हा गुन्हा नव्हे.
पण कर्जदाराला कोणीतरी एक दिवस चहाला बोलावतं.
पहिल्या दिवशी नुसता चहाच असतो.

मी म्हटलं, मला अजून कोणी बोलावलेलं नाही.
आणि माझं देणं अख्ख्या वाड्याला ठाऊक आहे,
ते लपवण्यासाठी मी कोणाला काय विकू?
ते हसले नाहीत. लिहून घेतलं.

सर्व म्हणजे सर्व, म्हणून शेवटी मी भरलं होतं:
कायतान पोदेर, पोया आणि उंडे, चौदा महिने,
रुपये तीन हजार एकशे चाळीस.

वेळीप त्याच्या भट्टीवर गेले.
खाकी बघून कायतानने हाताचं पीठ झटकलं
आणि माझ्यासाठी, भला माणूस,
सायबिणीची शपथ घेऊन खोटं बोलला:
तिच्याकडून? मला काही येणं नाही. पै नाही.
ती तर एक तारखेला मोजून देते.

कागदावर ह्याला तफावत म्हणतात.
अर्जदाराने सांगितलेलं देणं धनको नाकारतो.
मग हे तीन हजार कोणाचे? कशाचे?
पोयांच्या आड आणखी काय आहे?
बँकेचे सव्वाचार लाख नियमात बसले.
फाइल पावाशी अडली.

पहाटे साडेपाचला भोंपू वाजला तेव्हा मी फाटकाशी होते.
कायतान, तू पोलिसाला खोटं सांगितलंस.
त्याने टोपलीवरचं मेणकापड सारलं, दोन पोया काढल्या.
तुझं बरं व्हावं म्हणून गो.
माझं बरं व्हायला, म्हटलं, मी तुझी ऋणको असावी लागते. लेखी.

सायकलचा दांडा धरून तो बराच वेळ उभा राहिला.
वरच्या आळीतली कुत्री भुंकून थांबली.
नाही म्हणायला त्याला एक शपथ पुरली होती,
आहे म्हणायला कागद लागला, पेन लागलं,
दोन्ही माझ्याकडचं.
टोपलीच्या झाकणावर कागद ठेवून, जीभ दातांत धरून,
रोमी अक्षरांत त्याने माझं नाव लिहिलं,
आडनाव विचारून घेतलं.
आकडा लिहिला तीन हजार.

आणि वरचे एकशे चाळीस?
ते गेले, म्हणाला. तुझ्या पायने मला एकदा छत्री दिलेली,
मी ती परत केली नाही.

भोंपू वाजवत तो उतारावरून गेला.
कागदाला पिठाचं बोट लागलं होतं.
मी पायरीवर बसून हिशेब करत राहिले,
छत्री कोणत्या रकान्यात घालायची.
आजच्या दोन पोया त्याने धरल्याच नव्हत्या.
फॉर्म पुन्हा भरायचा झाला तर
त्या मला धराव्या लागतील.