निव्वळ

पारोळा रोडला लागलं की डाव्या हाताला माझा धरमकाटा.
वर पत्रा, खाली खड्डा,
खड्ड्यात मागच्या सालचं पाणी आणि एक बेडूक.
मी तीनच आकडे लिहितो:
भरलेला, रिकामा, निव्वळ.

आधी गाठी यायच्या धरणगावकडून,
फाळक्याबाहेर कापूस लोंबलेला.
गाठी आत, सूत बाहेर.
सूत नेहमी थोडं कमी भरायचं.
‘राहिलेलं आमच्या छातीत आहे,’
सुपडू मिस्त्री खोकत सांगायचा.

मग छापून आलं, देशाची दारं उघडली.
गिरणीचं दार लागायला पुढं अकरा वर्षं गेली,
म्हणून कुणी दोन्हींचा संबंध लावला नाही.
आधी तिसरी पाळी गेली, मग कॅन्टीनची भजी,
पगार पाच तारखेवरून वीसवर,
वीसवरून ‘बघू’वर.
मालक म्हणाले, बाहेरचं सूत स्वस्त.
युनियन म्हणाली, मालकानं पैसा प्लॉटांत घातला.
दोघांपैकी कुणीच काट्यावर आलं नाही.

यंत्रं निघाली तेव्हा
सुपडूनं एकेका भागावर खडूनं नंबर टाकले,
घेणाऱ्याला पुन्हा जोडताना अडचण नको.
घेणाऱ्यानं गॅस-कटर आणला.
नऊ टन दोनशे चाळीस.
पावतीवर मी ‘यंत्र’ लिहिलं.
ड्रायव्हर म्हणाला, भंगार लिहा, टॅक्स वेगळा पडतो.
एवढी एकच खाडाखोड आहे माझ्या हातची.

कापूस अजून जातो,
न थांबता, बंदराकडे.
उलट्या बाजूनं शर्टांचे गठ्ठे येतात,
बाजारात किलोवर विकतात.
स्वस्त आहेत, खोटं कशाला बोलू,
अंगातला माझाही त्यातलाच.

परवा सुपडू आला.
हल्ली एटीएमला रात्रपाळी करतो.
ट्रक नव्हता. पत्र्यावर मधोमध उभा राहिला.
‘सांग रे भो, कितलं भरनं?’
काटा वीस-वीस किलोनं चढणारा.
पडद्यावर साठ. चाळीस. पुन्हा साठ.
‘भरलेला लिहू की रिकामा?’ मी गमतीनं विचारलं.
तो हसला नाही.
पत्र्यावर टाच आपटली, मान तिरपी करून ऐकलं,
परत आपटली.
‘डावीकडला बोल्ट ढिला शे.’

म्हणजे किती दिवसांपासून,
किती पावत्या,
मी मनात मोजायला लागलो.
त्यानं गणवेशाच्या खिशातून पाना काढला,
निळ्या, बँकेच्या गणवेशाच्या,
आणि बेडकाला हुसकत
खड्ड्यात उतरला.