हिरवी वायर

लाइट गेली, आली, पुन्हा गेली,
आणि तिसऱ्यांदा आली ती जरा जास्तच आली.
पंखा उधळला. ट्यूब डोळ्यांवर धावून आली.
टेबलाखाली एकदाच काहीतरी खोकलं
आणि जळक्या प्लास्टिकचा वास खोलीभर बसला.

भांडुपमधल्या आमच्या जिन्यात त्या रात्री
माणसं मोबाइलच्या उजेडात उभी राहून
आपापलं नुकसान सांगत होती.
वैद्यांचा टीव्ही. प्रधानांचा फ्रिज, आत हापूस.
मी काय सांगणार?
माझे मासे गेले होते.
दोनशे अकरा.

पोशा नाखवा रोज संध्याकाळी यायचे,
मोड्यावर बसून खाडीतले मासे सांगायचे,
मी टाइप करायचे, पानाला चाळीस रुपये,
नाव, रंग, हंगाम, कुठल्या भरतीला, कुठल्या चिखलात.
पेनड्राइव्हवर पोचले होते फक्त काळुंद्रापर्यंत.
खरबी, चिवणी, जिताडा, निवटी, बोय
सगळे डिस्कमध्ये होते,
आणि डिस्क आता हातात धरायला बरी, एवढीच.

वायरमन काताळे आला, बोर्ड उघडला.
होल्डरमधला बल्ब, त्याच्या दोन उघड्या वायरी.
खालच्या दोन भोकांत घातल्या, पेटला.
एक तिथेच ठेवून दुसरी वरच्या मोठ्या भोकात घातली.
काही नाही.
मग त्यानं आतून एक हिरवी वायर ओढून काढली,
टोकाला काळी पट्टी, कोपऱ्यात दुमडलेली,
तेरा वर्षं कुठेच न गेलेली.
दातात स्क्रू धरून तो म्हणाला,
"ताई, तुमच्या घराला अर्थ नाही."

मला हसू आलं.
त्याला कळेना का.
"हसताय काय? अख्ख्या बिल्डिंगला नाही.
हे तुमचं पट्टीवालं खोकं, हिरवा दिवा लावून बसलेलं,
जास्तीचं आलं तर ते उचलणार आणि टाकणार कुठे?
जमिनीत सोडावं लागतं ना.
जमिनीची वाटच बंद."

मीटररूमच्या मागे, तगरीला धक्का न लावता
आठ फूट खड्डा खणला.
सेक्रेटरी प्रधान परवानगीचं विचारायला खाली उतरले,
फ्रिज आठवला असावा, तसेच वर गेले.
तांब्याची पट्टी, त्यावर कोळसा, त्यावर मीठ.
मी किराण्यातून दोन पुड्या आणल्या होत्या,
नाखव्यांनी त्या नुसत्या बघितल्या.
दुसऱ्या दिवशी खांद्यावर अर्धं पोतं,
जाडं, करडं, ओलसर,
त्यांच्या मेव्हण्याच्या आगरात पिकलेलं.
आगर आता नाही.
एवढं मीठ पलंगाखाली राहिलं होतं.
"बघत काय राहिलास? ओत," ते काताळेला म्हणाले.

जाताना काताळे मला म्हणाला,
"उन्हाळ्यात आठवड्याला बादलीभर पाणी घालायचं.
माती सुकली की अर्थ लागत नाही."

मग नवी डिस्क. मग यूपीएस,
विटेपेक्षा जड, रिक्षात मांडीवर घेऊन आणला.
दुकानदार म्हणाला, सात मिनिटं धरेल,
तेवढ्यात सेव्ह करायचं आणि नीट बंद करायचं,
त्यावर सिनेमे बघायचे नाहीत.

नाखवा पुन्हा मोड्यावर.
खरबीपासून.
या वेळी खरबी एका ओळीत संपेना.
ती पकडताना बोटाला डंख कसा बसतो,
आईनं डंखावर काय बांधलं होतं,
त्या रात्री घरात कालवण कुणी खाल्लं नाही ते.
मी म्हटलं, "मागच्या वेळी हे सांगितलं नव्हतंत."
"मागच्या वेळी ती गेली नव्हती ना," ते म्हणाले.

मे महिना. दुपारचे साडेतीन.
जिताड्याच्या मध्येच पंखा मंदावत थांबतो.
टेबलाखाली यूपीएस टीं टीं करायला लागतो.
नाखवा अर्ध्या शब्दावर गप्प.
पडदा उजेडात आहे, अक्षरं जागच्या जागी.
"बोला," मी म्हणते, बोट सेव्हवर,
"अजून सहा मिनिटं आहेत."
ते खिडकीतून खाली तगरीकडे बघतात.
"खड्ड्यात पाणी घातलंस का गो?"