समासातल्या नोंदी

डायपर उलटं बांधायचं,
प्लास्टिकची बाजू आत.
म्हणजे कापूस सगळं पिऊन टाकत नाही
आणि मला डबीपुरतं मिळतं.
एल आल्तोच्या जुलैत, चार हजार मीटरवर,
नळाला बर्फाची दाढी फुटलेली असताना
हे मी आयांना समजावते.

नीएवेस कायिसाया भडकली,
"औषध सोडून घाण कसली गोळा करता?"
तिच्या पाठीवरच्या रंगीत झोळीत
नऊ महिन्यांचा विल्मेर.
टाळू खोल गेलेली.
रडतोय, पण डोळ्यांत टिपूस नाही.
आधी सलाईन. मग डबी.
हा क्रम मला कुणी शिकवावा लागला नाही.

प्रश्न मात्र शिकावे लागले.
कालपासून किती वेळा? ओकला किती वेळा?
लशीचे थेंब किती दिले?
ती झोळी उपसते:
वाळवलेले बटाटे, लोकरीचा गुंडा,
विजेचं बिल, आणि त्याच्या घडीत कार्ड.
दुसऱ्या डोसची चौकट कोरी.
"महिनाभर रस्ते अडवलेले होते,
मग म्हणाले, वय उलटलं."
मी लिहिते: एक.
रस्त्यांसाठी फॉर्मवर रकाना नाही.
ते मी समासात लिहिते.

डबीवर नाव नसतं, नंबर असतो.
बर्फाच्या पेटीत बसून तो नंबर
केबलकारनं ला पासला उतरतो,
पत्र्यांवरून, दोरीवरच्या चादरींवरून,
एका अर्धवट फुटबॉल मैदानावरून.
पेटीवर कोपर टेकून
एक शाळकरी पोरगी मका खाते.
तिला नाही सांगितलं. कशाला सांगायचं?

खाली आब्दोन पोमा
इवल्या खळग्यांची ताटली उजेडात धरतो.
हळदीच्या पाण्यासारखा रंग चढला, की सापडला.
चाकासारखा दिसतो म्हणे तो,
तुंबा, आरे, धाव, सगळं जागच्या जागी.
मी पाहिला नाही.
मी पाहिलीत ती, ज्यांच्यावरून चाक गेलं.

शुक्रवारी उत्तर आलं. पिवळा.
विल्मेर बुधवारीच घरी गेला होता,
जाताना माझ्या बोटाला चावून.
उत्तर त्याच्या काही कामाचं नव्हतं.
नीएवेसला हे कसं सांगायचं
ते अजून मला जमलेलं नाही.

मंत्रालयात टायवाला माणूस म्हणाला,
"आकडे तर उतरलेत, बाई,
मग लशीवर एवढा खर्च अजून कशाला?"
मी भांडणार होते. भांडले नाही.
लस यायच्या आधीच्या एका जुलैची वही उघडली:
एका खाटेवर तीन नावं,
ओळी संपल्यावर पुठ्ठ्यावरही नावं,
काहींपुढे बारीक फुली.
शेजारी यंदाची वही ठेवली.
अर्ध्याहून जास्त पान पांढरं.
तो कितीतरी वेळ त्या पांढऱ्याकडे बघत राहिला,
मग त्यानं विचारलं,
"आणि ही समासात बारीक अक्षरात
काय लिहिलंय?"

मी खुर्ची पुढे ओढली.