दम

लॉन्गलॅकहून पहाटे तीनला निघालो.
वाटेत एक मूस आला, भर हायवेवर उभा राहिला.
हेडलाइटच्या उजेडात मी त्याचे गुडघे बघत बसलो:
एवढं धड, आणि खाली अशा काड्या.
शेजारी किर्सी झोपलेली, मांडीवर पट्टा गुंडाळून.
जूनपासून ती माझ्याशी आकड्यांतच बोलते.
पाच पाच. तीन आठ. विश्रांती चार मिनिटं.

थंडर बेचा कर्लिंग क्लब. बर्फ अजून घातलेला नाही.
सिमेंटवर रबरी चटया, तीन रॅक,
आणि भिंतीला टेकलेले चाळीसेक जण,
मानेपेक्षा डोकी अरुंद.
दारात तळलेले गोल पाव, वर गुलाबी आयसिंग;
इथे त्यांना पर्शियन म्हणतात, का ते कुणी सांगत नाही.
प्रत्येकी एक, असं बजावूनही
अर्धा ट्रे दहा मिनिटांत गारद.

दार्का होलोवाच त्रेसष्टची.
उजवा खांदा धातूचा, तो हात कानापर्यंत पोचत नाही.
सकाळभर तिने आम्हाला नुसता श्वास घ्यायला लावला,
पोटात, बरगड्यांत, कमरेच्या मागेसुद्धा.
रिकामी दांडी, वीस किलोची,
आणि तिच्याखाली दीडशे किलोची माणसं
बाळंतिणींसारखी श्वास मोजत.
"दम धरा," ती म्हणायची, "छातीत नको, खाली."
वहीत मी एवढंच लिहिलं. खाली.

जेवणानंतरचा विषय: मागे उभा राहणारा.
मी वही मिटली.
"त्याचं काम काय?"
कुणीतरी म्हणालं, वाचवणं.
"वाट बघणं," दार्का म्हणाली. "वाचवणं सगळ्यात शेवटी."

केनोराची स्पर्धा.
किर्सीचं तिसरं स्क्वॉट, एकशे साडेबत्तीस.
माणसं कमी पडली म्हणून मागे मला उभं केलेलं.
वर येताना ती अडकली.
नाही. मंदावली.
दोन्हींत फरक असतो, मी तो बावीस वर्षं शिकवतोय.
तरी माझी बोटं दांडीला लागली.
जोर नाही लावला. लागली फक्त.
तीन लाल दिवे.
"पोरीला वाचवलंस," म्हणत कुणीतरी माझी पाठ थोपटली
आणि ते तिनं ऐकलं.

जोड्या करा, म्हटल्यावर
किर्सी आपणहून रॅकखाली जाऊन उभी राहिली.
माझ्याकडे बघितलं नाही.
एकशे वीस, पाच वेळा.
तीन हुकमी. चौथ्याला वेग गेला.
पाचव्याला खाली गेली, आणि अर्ध्यावर
दांडी हलेना.
माझे हात तिच्या बरगड्यांपासून बोटभर.
खडूचा वास. तिच्या मानेवरची एक शीर, जाड, निळी.
दार्का माझ्या मागे येऊन हळूच म्हणाली,
"दम धर."
तिला म्हणाली की मला, कळलं नाही.
दोघांनीही धरला.
किती वेळ, ते सांगता येणार नाही;
घड्याळात बहुधा तीन सेकंद.

मग किर्सी म्हणाली, "घ्या."

मी घेतलं.

दांडी रॅकवर आदळली. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत,
दार्का पुढच्या जोडीकडे वळलीसुद्धा.

परतताना निपिगॉनला पेट्रोल भरलं.
किर्सीने खिशातून टिश्यूत गुंडाळलेला पर्शियन काढला,
चपटा झालेला, आयसिंग कागदाला चिकटलेलं.
अर्धा मोडून माझ्यापुढे धरला.
"चौथ्याला माझा डावा गुडघा आत जात होता."
"हो."
"मग बोलला का नाहीत?"
मी गाडी चालू केली.
कागद चाटत ती पुढे बोलतच राहिली,
गुडघ्याबद्दल, त्या केनोराच्या पंचाबद्दल,
बिअर्डमोर येईपर्यंत.